‘तक्रार म्हणजे अविश्वास’? आधी स्तोत्रं उघडून बघा की

गेल्या पंधरवड्यात सोलापुरातल्या आमच्या चर्चमंडळीच्या तीन वेगवेगळ्या ग्रुपवर मला एकच मेसेज आला. मजकूर थोडक्यात असा: बायबलातली स्तोत्रसंहिता हे दावीद राजाने लिहिलेलं निव्वळ स्तुतीचं पुस्तक आहे. स्तोत्र ११८ हा बायबलचा बरोबर मध्य, आधी ५९४ अध्याय आणि नंतर ५९४, म्हणून ११८:८ (त्या स्तोत्राचं आठवं वचन) हे देवाने मुद्दाम मधोमध ठेवलेलं वचन. प्रार्थनेत तक्रार करणं म्हणजे अविश्वास. खरा विश्वासी फक्त स्तुती करतो. आणि स्तोत्र ९१ रोज म्हणणाऱ्याच्या घरात आजार शिरत नाही. शेवटी नेहमीचं: दहा जणांना पाठवा.

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. गुरुवारच्या कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला, पेटी वाजवतो, एवढाच माझा अधिकार. असले मेसेज एरवी मी सोडून देतो. हा सोडवेना, कारण तो आमच्या गल्लीतल्या एका मावशींनीही वाचला. पावसाळ्यात त्यांचा तरणाताठा मुलगा गेला. मेसेज आल्यापासून त्या मीटिंगला यायच्या बंद झाल्या. विचारायला गेलो तर म्हणाल्या, “माझ्या तोंडनं स्तुती निघंना झालीय. मग तिथं येऊन काय करू, सांग की.”

दाविदाचं आधी उरकतो. हिब्रू पाठात ७३ स्तोत्रांच्या शीर्षकात त्याचं नाव आहे, १५० च्या नाही. आसाफाच्या नावावर १२ आहेत, काही कोरहाच्या मुलांच्या, ९० वं मोशेच्या. १३७ वं तर बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्या बंदिवानांचं गाणं. बाबेलने यरुशलेम पाडून लोकांना बंदी करून नेलं ते इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमारास, म्हणजे दाविदानंतर चारेकशे वर्षांनी.

आता मध्य. आपल्या प्रोटेस्टंट बायबलात अध्याय ११८९. उत्पत्तीपासून ईयोबापर्यंत बोटं मोडत गेलात तर ४७८ भरतात. त्यात ११७ मिळवा, ५९५. म्हणजे दोन्हीकडे ५९४ अध्याय असलेलं स्तोत्र ११७ वं, ११८ वं नव्हे. चादरीचा धागान्‌धागा मोजणाऱ्या गावात हा हिशेब कुणी तपासू नये, याचं नवल वाटतं. शिवाय अध्यायांचे आकडे पडले तेराव्या शतकात, वचनांचे सोळाव्या, आणि कॅथलिक बायबलात पुस्तकंच ७३ असल्याने तिथला मध्य आणखी कुठेतरी सरकतो. माणसावर भिस्त ठेवण्यापेक्षा परमेश्वराचा आसरा बरा, हे ११८:८ चं म्हणणं मधोमध नसलं तरी खरंच आहे.

तक्रार म्हणजे अविश्वास, या तिसऱ्या मुद्द्यात मेसेजवाल्याच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती आधी देऊन टाकतो. या पुस्तकाचं हिब्रू नाव ‘तेहिल्लीम’, म्हणजे स्तवनं. पण आत शिरा. ‘तेहिल्ला’ हा शब्द शीर्षकात एकाच स्तोत्राला आहे, १४५ व्या. ‘तेफिल्ला’, म्हणजे प्रार्थना, असं शीर्षक मात्र पाच स्तोत्रांना: १७, ८६, ९०, १०२ आणि १४२. ही पाचही गाऱ्हाणी घेऊन आलेली. १५० पैकी सुमारे तिसरा हिस्सा विलापाचा, आणि तरी त्या लोकांनी सगळ्या गाठोड्यावर नाव घातलं ‘स्तवनं’. देवापुढे नेलेलं रडणं त्यांनी स्तुतीबाहेर काढलं नाही.

१३ व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत चार वेळा तोच प्रश्न येतो, कोठवर? ४४ वं देवालाच सुनावतं, जागा हो, झोपलास का? बहुतेक विलाप शेवटी वळण घेतात. १३ वं तर सहा वचनांतच भरवशावर येतं. ८८ वं येत नाही. ते अंधारात सुरू राहतं आणि अंधारातच संपतं. त्याला शेपूट म्हणून ‘तरीही मी तुझी स्तुती करीन’ अशी एखादी ओळ जोडणं काय अवघड होतं? कुणी जोडली नाही. पण त्याचं पहिलं वचन बघा, रात्रंदिवस देवापुढे ओरडणारा माणूस त्याला आपला तारणारा म्हणतो. भरवसाच उडालेला माणूस दारात रात्रंदिवस कशाला बसेल?

आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडी काय आलं? ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे २२ व्या स्तोत्राचं सुरुवातीचं वचन. काहीजण म्हणतात, ते स्तोत्र पुढे स्तुतीत संपतं, त्याच्या मनात ते सगळं असणार. असेल. मोठ्याने उच्चारलेली ओळ मात्र ही आहे. मेसेजचा नियम लावला तर अविश्वासू ठरतो कोण, ते बघा.

प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विनने स्तोत्रांवरच्या १५५७ च्या भाष्याच्या प्रस्तावनेत या पुस्तकाला आत्म्याच्या सगळ्या अवयवांचं शरीरशास्त्र म्हटलं, आणि दुःख, भीती, शंका यांना त्या यादीत जागा दिली. पण इतक्या लांब जायचीही गरज नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. जनाबाईने विठ्ठलाला उघड शिव्या घातल्या, तिची भक्ती कमी आहे असं कुणी म्हटलं का? तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगणाऱ्या नारायण वामन टिळकांची गीतं आपण उपासनेत गातो. देवाशी भांडायची भाषा आपल्याला नवी नाही.

राहिलं स्तोत्र ९१. धीर देणारं आहे, पाठ करावं असंच आहे. पण त्यातला ‘तुझा पाय धोंड्यावर आपटू नये म्हणून दूत तुला हातांवर झेलतील’ हा भाग तोडून, हमी म्हणून पुढे करणारा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात भेटतो. येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून तो म्हणतो, टाक उडी, लिहिलेलंच आहे. तो सैतान आहे. येशू ते वचन खोटं म्हणत नाही. देवाची परीक्षा पाहू नको, हे दुसरं वचन पुढे करतो आणि उडी टाकत नाही.

मावशींनी मुलाच्या खाटेशी बसून ९१ वं रोज म्हटलं होतं. सकाळ-संध्याकाळ. ते ऐकणाऱ्यांत मी एक होतो.