चाकावरचा संसार आणि वजनकाटा

ट्रेलर म्हणजे काय, हे सातारा-सांगलीच्या माणसाला सांगावं लागत नाही. उसाच्या हंगामात पुढून डुलत येणारी ट्रॉली पाहून आपण सगळेच कधी ना कधी साइडपट्टीवर उतरलेलो असतो. कायमचं राहायला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकावरचं घर, घ्यायचा म्हटल्यावर आपली अडचण निराळीच. आपल्याकडे संसार म्हणजे बेगमी. पहिली यादी निघते ती अशी: ज्वारीचं एक पोतं, वर्षाची कांदा-लसूण चटणी, मोठा कुकर, आल्यागेल्याला चार जादा गाद्या. घराला माळा असतो तोवर ही यादी शहाणपणाची. घराला गाडीशी जोडायची दांडी आणि चाकं लागली की तिचा हिशेब काट्यावर होतो.

समजा, ट्रेलरची भरल्या वजनाची मर्यादा १५०० किलो आणि रिकामं वजन ११५०. हातात राहिले ३५०. शंभर लिटरची पाण्याची टाकी भरली, १०० किलो गेले. दीडशे अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी ५०-६० किलो. घरगुती सिलिंडर लोखंडासकट तीसच्या आसपास, आणि आपण एका सिलिंडरवर कधी भागवलंय? उरले सव्वाशे-दीडशे. त्यात ज्वारीचं पोतं एक क्विंटल. चटणीला अजून हात लागलेला नाही आणि घरात कुणी कपडेही घातलेले नाहीत.

म्हणून आमच्या मते सगळ्यात आधी गाठायचा तो वजनकाटा. कारखान्यांच्या कृपेने या दोन जिल्ह्यांत त्यांना तोटा नाही. काटा मारण्यावरून, म्हणजे वजनात फसवण्यावरून, इथे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली, पण ट्रेलरच्या बाबतीत काटा मारणारे आपणच आणि बुडणारेही आपणच. ट्रेलर गाडीपासून सोडायचा, पुढच्या छोट्या चाकासकट काट्यावर उभा करायचा, वजन लिहून घ्यायचं. मग तेवढं छोटं चाक काट्याबाहेर ठेवून पुन्हा वजन. दोन्हींतला फरक म्हणजे दांडीवरचा भार. मोठा काटा दहा-वीस किलोच्या पायरीनेच बोलतो, तेव्हा हा भार पक्का करायला बाथरूममधला काटा बरा. त्यावर फळी, फळीवर उभा ठोकळा, ठोकळ्यावर दांडी. उंची मात्र गाडीच्या हुकाएवढीच हवी. हा भार एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के आणि हुकावर लिहिलेल्या मर्यादेच्या आत असावा. जड सामान चाकांच्या मागे गेलं की दांडी हलकी होते आणि महामार्गाच्या उतारावर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. तेव्हा करकचून ब्रेक दाबायचा नाही, वळवून सावरायला जायचं नाही. अॅक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरायचं. पसरणीचा घाट तर ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकचा वास आल्यावर गिअर आठवून उपयोग नाही.

वीज. कुणा पाहुण्याच्या रानात मुक्काम टाकला की “मोटारीच्या पेटीतनं घ्या की लाईट” असा प्रेमळ आग्रह होतो. चहाला हो म्हणा, याला नाही. पंपाला तीन फेज लागतात, न्यूट्रल असेलच असं नाही. असून ती सैल झाली, तर २३० च्या जागी पार ४०० व्होल्टकडे दाब जातो आणि फ्रिज, चार्जर, टीव्ही एकाच मुहूर्तावर कैलासवासी होतात. घरातल्या सॉकेटमधून घ्या, तेही आधी जोडणी बरोबर आहे का ते दाखवणारा तीन पिनांचा टेस्टर लावून. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), व्होल्टेज कमी-जास्त झाल्यावर तोडणारा प्रोटेक्टर आणि अडीच चौरस मिलिमीटरची तीन कोअर तांब्याची केबल, एवढं पाहिजेच. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून भार टाकू नका, आतून तापून वितळते.

मिक्सरची बदनामी मात्र उगाच होते. ७५० वॅटचा मिक्सर दोन मिनिटं फिरला तर बारा व्होल्टच्या बॅटरीतले जेमतेम दोन अँपिअर-तास जातात. खरं दुखणं वायरीचं. तेवढ्या वेळात तिच्यातून सत्तर अँपिअर वाहतात. वायर बारीक असली की व्होल्टेज पडतं, इन्व्हर्टर किंचाळतो आणि चटणी भरड राहते. बॅटरी ते इन्व्हर्टर अंतर दीड मीटरच्या आत, वायर निदान २५ चौरस मिलिमीटरची, फ्यूज बॅटरीला खेटून. मिक्सर नुसता ओरडतो, दिवसभर गुपचूप खातो तो फ्रिज.

आता जो विषय कुणी काढत नाही, पण उजाडल्यावर सगळ्यांना सुचतो तो. कॅसेट टॉयलेट म्हणजे खालची मैल्याची टाकी बाहेर ओढून रिकामी करायचा संडास. ही टाकी अठरा-वीस लिटरची, चौघांत दोन दिवसांत भरते. घरच्या सवयीने त्यात फिनेल किंवा अॅसिड ओतू नका. रबरी सील खराब होतं आणि पुढे सेप्टिक टँकमधले जंतू मरतात. सीलला सिलिकॉनचं वंगण लावा, खोबरेल नको. रिकामी करायची ती यजमानांना विचारून, त्यांच्या सेप्टिकच्या चेंबरमध्ये. ओढ्यात किंवा कृष्णेत कदापि नाही. ओतताना तोंड पुरतं खाली झाल्यावरच हवेचं बटण दाबून धरा. नाहीतर आतला ऐवज गचके देत येतो आणि थेट चपलेवर येतो. रबरी हातमोजे, त्या कामापुरती वेगळी नळी आणि तिला लाल चिकटपट्टी. पिण्याच्या पाण्याची नळी तिच्याशेजारी ठेवायचीसुद्धा नाही.

गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साठतो. म्हणून अलार्म खाली बसवायचा आणि फरशीतलं जाळीचं भोक थंडी वाजते म्हणून सतरंजीखाली झाकायचं नाही. कोपऱ्यातले चार पाय ट्रेलर स्थिर करायला असतात, उचलायला नाही. समपातळी चाकाखाली फळ्या घालून साधायची, तीही हूक काढण्याआधी. मग चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे आणि त्यानंतरच हूक सोडायचा.

पावसाळ्याचं म्हणाल, तर छताच्या सांध्यांना ब्युटाइल टेप (पाणी रोखणारी चिकट रबरी पट्टी) आणि गादीखाली फटींची फळी पाहिजेच, नाहीतर श्रावणाआधी गादीला बुरशी धरते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, माण-खटावला त्याच्या दशांशाच्या आसपास. चाकं दिलीत तर वापरा की. जूनमध्ये माणमधल्या दहिवडीकडे सरकावं.

राहिलं रिव्हर्स. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलरचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा, हात त्या बाजूला, थोडा थोडा. दांडी जास्त दुमडली की हट्ट सोडून पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा मागे. आणि मागे माणूस एकच उभा करा. आपल्याकडे गाडी मागे घेताना रस्त्याने जाणारा प्रत्येक जण दिशादर्शक होतो, एक “येऊ द्या, येऊ द्या” म्हणतो, दुसरा त्याच वेळी बोनेटवर थाप मारून “थांबा!” कुणाचं ऐकायचं ते आधी ठरवा, आणि तो आरशात दिसेनासा झाला की जागीच थांबा.