आईला चपला काढायला कुणी सांगितलंच नाही

सहाची एसटी पकडून आम्ही साताऱ्याहून पुण्याला गेलो. हट्ट आईचा. "मोबाईलवर रोज येतात ना, त्या डॉक्टरांना एकदा दाखवू." तीन आठवड्यांनी नंबर लागला. फी दोन हजार, तीही आधी पाठवायची, मगच तारीख पक्की. बरं, पाठवली.

वेळ अकराची. पावणेएक वाजला तरी आम्ही बाहेरच. भिंतीवर साहेबांचे फोटो: मंत्र्यांबरोबर, मालिकेतल्या सुनेबरोबर, शाल-श्रीफळ घेताना. डिग्रीची फ्रेम शोधायला मान मोडावी लागली, ती पाण्याच्या कूलरमागे होती. समोरच्या टीव्हीवर साहेबांचीच मुलाखत, संपली की पुन्हा पहिल्यापासून. दाराच्या फटीतून रिंग लाईटचा पांढराफटक उजेड बाहेर येत होता. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, सरांचं शूट चाललंय, पाचच मिनिटं." अशी पाच मिनिटं तिने चार वेळा दिली.

आत गेलो. "बोला आजी." आई सुरू झाली, "पायाचे तळवे फार जळतात हो, रात्री डोळ्याला डोळा..." तिचं वाक्य पुरं झालं नाही. "माझा शुगरवरचा व्हिडिओ बघितलात ना? त्यात सगळं सांगितलंय. तेच करायचं." म्हणजे आम्ही शंभरावर किलोमीटर आलो ते व्हिडिओ बघितल्याची हजेरी द्यायला! मग हातात चार पानी छापील डाएट चार्ट, प्रत्येक पानावर त्यांचा हसरा फोटो, आणि "बाहेर पावडर घ्या". तीन मिनिटंही झाली नसतील. मधुमेह असलेली बाई पाय जळतात म्हणतेय आणि हा माणूस तिला चपला काढायलासुद्धा सांगत नाही! आईने त्या दिवशी मुद्दाम पाय घासून धुतले होते हो. डॉक्टर बघतील म्हणून.

चार दिवसांनी आमच्या पेठेतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेलो. फी दीडशे. (तेही काही देवमाणूस नाहीत. अर्धा वेळ राजकारणावर बोलतात आणि त्यांचं अक्षर मेडिकलवाल्यालाही लागत नाही.) पण पहिलं वाक्य, "चपला काढा." बोटांच्या बेचक्या बघितल्या. ट्यूनिंग फोर्क टेबलावर आपटून अंगठ्याला लावला, "कंप थांबला की सांगा." मग नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टोचून, "कळतंय? आता?" आणि प्रश्न, मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची गोळी, किती वर्षं? अकरा. ही गोळी वर्षानुवर्षं चालली की बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्यानेही तळवे जळतात, नुसत्या शुगरवर खापर फोडून चालत नाही. रक्त तपासलं, बी-१२ तळाला गेलेलं. इंजेक्शनं सुरू झाली. एवढंच होतं. यात रीलसारखं काही नाही, म्हणूनच बहुतेक तिकडे कुणाला सुचलं नाही.

आणि नियम नाहीत असं समजू नका. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे पेशंट ओढायला जाहिरात करणं हा गैरप्रकार आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, रजेवर गेलो, परत आलो, अशा गोष्टी पेपरात द्यायची मुभा, बस. दवाखान्याची पाटीसुद्धा अवाजवी मोठी नको असं त्यात लिहिलंय. पाटी! इथे साहेबांचं तोंड रिक्षाच्या पाठीवर आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सोशल मीडियासाठी नवे नियम आले, लाईक-फॉलोअर विकत घेऊ नका वगैरे. त्याच महिन्यात ते स्थगितही झाले. म्हणजे बारसं आणि तेरावं एकाच मांडवात.

हे खूळ आपल्याकडचंच नाही म्हणा. अमेरिकेतले टीव्हीवाले डॉ. ऑझ हाडाचे हृदयशल्यविशारद. ग्रीन कॉफीने वजन उतरतं असली जादू कार्यक्रमात सांगितली म्हणून २०१४ मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यांची खरडपट्टी निघाली. पुढे काय झालं? २०२५ मध्ये त्यांच्याच हाती तिथल्या सरकारी आरोग्य विम्याचा कारभार दिला.

प्रसिद्धीचं मला वावडं नाही. महाडचे डॉ. बावस्कर आपल्याला माहीत आहेतच की. विंचवाने माणसं मरत होती, तेव्हा ते पेशंटच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले, प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. नाव नंतर झालं. आमच्या साहेबांचं गणित उलटं. आधी नाव, मग पावडर, आणि पेशंट कुठे बसवायचा ते शूट संपल्यावर बघू.

परवा सकाळी सहाला घरच्या ग्रुपवर मामाचा फॉरवर्ड. तेच साहेब, तोच रिंग लाईट, खाली पिवळ्या अक्षरात: "पायाची आग होतेय? दुर्लक्ष करू नका!" आईने चष्मा लावून पूर्ण बघितला आणि मला म्हणाली, "बघ, किती छान समजावून सांगतात. त्या दिवशी घाईत असतील बिचारे."