डॉक्टरची फी आणि पावतीवर न येणारा पैसा

जुलैच्या सुरुवातीला डॉक्टर दिन आला की एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : पूर्वीचे वैद्य आणि डॉक्टर पैशाला शिवत नसत, मोफत सेवेची शपथच ते घेत, आजचा डॉक्टर दोन मिनिटे तपासतो आणि हजार रुपये घेतो, शिवाय प्रत्येक तपासणीत त्याचा कट, म्हणजे रुग्ण पाठवल्याचे कमिशन, असतोच, याला अपवाद नाही, सरकारने फी ठरवून दिली तर ही लूट एका दिवसात थांबेल, आणि जो पैसे मागतो तो दुकानदार, त्याच्यावर विश्वास कसला ठेवायचा? या संदेशातला राग खोटा नाही. रुग्णालयाचे बिल भागवण्यासाठी दागिने मोडावे लागलेल्या माणसाने तो पुढे पाठवला तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु हा राग चुकीच्या ठिकाणी जाऊन बसतो. जो पैसा आपण समोर मोजून देतो त्याच्यावर संदेश तुटून पडतो आणि जो आपल्याला दिसतच नाही त्याला मोकळा सोडतो.

शपथेचा मुद्दा लवकर निकालात निघतो. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शपथेत मोबदला न घेण्याचा उल्लेख आहे खरा, पण तो गुरूच्या मुलांना ही विद्या शिकवण्याबाबत आहे. रुग्णाकडून फी घेऊ नये असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. संदेशाच्या काही आवृत्त्यांत चरकसंहितेचाही दाखला असतो : चिकित्सेची विक्री मांडणारा सोन्याची रास सोडून धुळीच्या राशीच्या मागे लागतो. हे वचन त्या ग्रंथाच्या चिकित्सास्थान या भागातल्या पहिल्या अध्यायात आहे. मात्र त्याच अध्यायात, त्याच्या थोडे आधी, असेही सांगितले आहे की उपचार करून घेतल्यावर जो वैद्याची परतफेड करत नाही, मग त्याने तसे आधी कबूल केलेले असो वा नसो, त्याला त्या दोषातून सुटका नाही. ग्रंथाचा दाखला द्यायचाच, तर दोन्ही वचने द्यावीत.

‘पूर्वी डॉक्टर फी घेत नसत’ ही आठवणही तपासून घ्यायला हवी. तालुक्याच्या गावातल्या जुन्या दवाखान्यात कंपाउंडर रंगीत मिक्स्चर बाटलीत भरून देई, मात्रा कळाव्यात म्हणून बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवी आणि पैसे घेतले जात ते ‘औषधाचे’. तपासण्याचे, विचार करण्याचे आणि निदान करण्याचे मोल त्या बाटलीतच मिसळलेले असे. फी होतीच, फक्त तिला नाव नव्हते. या सवयीची किंमत आपण अजून मोजत आहोत, कारण हातात वस्तू पडल्याशिवाय पैसे वसूल झाले असे आपल्याला वाटत नाही. ‘काही नाही, विषाणूचा ताप आहे, तीन दिवसांत उतरेल, पाणी भरपूर प्या’ असा नेमका सल्ला देणाऱ्या डॉक्टरला शंभर रुपये देणे जिवावर येते. तोच डॉक्टर गरज नसताना सुई टोचतो किंवा सलाइन लावतो, तेव्हा दुप्पट पैसे विनातक्रार दिले जातात.

दोन मिनिटांच्या तक्रारीत तथ्य आहे. भारतातील प्राथमिक आरोग्यसेवेत डॉक्टर रुग्णाला सरासरी दोन-अडीच मिनिटेच देतो, अशी नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात आहे. पण त्यावरून संदेश जो निष्कर्ष काढतो तो उलटा आहे. फीने विकत मिळते ती मुख्यतः वेळ. फी दाबली तर डॉक्टर त्याच संध्याकाळी चाळीसऐवजी ऐंशी रुग्ण पाहील आणि दोन मिनिटांचे एक होईल. हजार रुपये घेऊनही जो डॉक्टर रुग्णाचे बोलणे ऐकून घेत नाही, त्याच्याकडे वेळ जरूर मागावा. तो मागण्याचा अधिकार फी दिल्यानेच येतो.

आता कट. संदेशातला सर्वांत गंभीर आरोप हाच आहे, आणि ही प्रथा अस्तित्वात आहे हे नाकारणारा माणूस एक तर भोळा असेल किंवा लाभार्थी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणे आणि घेणे दोन्ही निषिद्ध ठरवले आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांचे विंचूदंशावरील काम जगभर मान्यता पावले, त्यांना एका तपासणी केंद्राने रुग्ण पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा धनादेश पाठवला, तेव्हा त्यांनी तो गुपचूप खात्यात न भरता महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. ‘अपवाद नाही’ या दोन शब्दांना एवढे उत्तर पुरे आहे. सगळेच चोर, असे एकदा ठरवून टाकले की प्रामाणिक राहणाऱ्याला त्याचे काहीच श्रेय मिळत नाही, आणि चोराला त्याहून सोयीचे दुसरे काय असणार?

शिवाय फी आणि कट या एकाच नाण्याच्या दोन बाजू नाहीत. बहुधा एक दुसऱ्याची जागा घेते. समजा, एक डॉक्टर दोनशे रुपये फी घेतो आणि चार हजारांच्या तपासण्या लिहून देतो, ज्यातले तीस टक्के त्याच्याकडे परततात. दुसरा आठशे रुपये घेतो आणि लागेल तेवढीच, पाचशे रुपयांची, तपासणी लिहून देतो. गावात ‘स्वस्त’ म्हणून नाव पहिल्याचे होते, प्रत्यक्षात त्याला चौदाशे रुपये मिळालेले असतात आणि रुग्णाचे बेचाळीसशे गेलेले असतात. तपासणीच्या अहवालावर रुग्णाच्या नावाखाली पाठवणाऱ्या डॉक्टरचे नाव छापलेले असते. उपचारासाठी ते हवेच. पण जिथे ही प्रथा चालते तिथे महिनाअखेरचा हिशेबही त्याच ओळीवरून होतो. डॉक्टरचे नाव न सांगता थेट गेल्यास दर किती, एवढे लॅबमध्ये विचारून पाहावे. उत्तरात फरक पडला, तर तो कुठे जात होता हे सांगायला कोणी लागत नाही.

मुंबईत २०१७ मध्ये एका रुग्णालयाने आपण डॉक्टरांना कमिशन देत नाही असे फलक लावले, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेनेच आक्षेप घेतला. त्याच वर्षी माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कटविरोधी कायद्याचा मसुदा तयार केला. त्या मसुद्याचा कायदा काही झाला नाही. फीविरुद्ध संदेश पाठवणाऱ्या लाखो हातांपैकी किती हातांनी आपल्या आमदाराला त्या मसुद्याचे काय झाले असे विचारले असेल?

सरकारने दर ठरवले की प्रश्न मिटतो, या दाव्याची परीक्षा राज्यात होऊन गेली आहे. कोविडच्या साथीत २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी दिवसाचे दर बांधून दिले : साधा कक्ष ४,००० रुपये, अतिदक्षता ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. पीपीई किट आणि महागडी औषधे मात्र या दरांबाहेर होती, आणि बिले नेमकी तिथे फुगली. ती खाली आली ती महापालिकांच्या लेखापरीक्षकांनी ओळ न् ओळ वाचली तेव्हा. दरबंदी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली गेली. तोवर तोच स्टेंट लाखाच्या घरात विकला जात होता. पण तिथेही रुग्णाला लुटत होता तो वस्तूवरचा अदृश्य नफा, डॉक्टरची जाहीर फी नव्हे. फी आधीच सांगावी आणि दवाखान्यात लावावी हे २००२ च्या नियमांत आहेच. नर्सिंग होमच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक लावणेही बंधनकारक केले आहे. कायद्याने बंधनकारक असलेला हा फलक मागायला आपण संकोचतो आणि घरी येऊन संदेश पुढे पाठवतो.

‘पैसे घेणारा दुकानदार’ हा शेवटचा टोमणा रुग्णाच्याच मुळावर येणारा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, ती मोबदला घेतला जातो या आधारावर. जिथे सर्वांवरच पूर्णपणे मोफत उपचार होतात, ती रुग्णालये त्या कायद्याबाहेर राहिली. जिथे काही जण पैसे देतात, तिथल्या मोफत रुग्णांनाही मात्र दाद मागता येते. म्हणजे संदेशाला जी फी विश्वासघाताची खूण वाटते, तिनेच रुग्णाला जाब विचारण्याची जागा मिळवून दिली आहे.

एका बाबतीत मात्र या संदेशाशी माझा वाद नाही. जीव धोक्यात असताना आधी पैसे मागणे याला फी म्हणत नाहीत. तातडीच्या रुग्णाला वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले. तरीही एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या कुटुंबाकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप होऊन शहर संतापले, आणि तातडीच्या रुग्णांकडून अनामत घेऊ नका हे महापालिकेला रुग्णालयांना नव्याने लिहून कळवावे लागले.