‘यंत्र खोटं बोलत नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बेराच्या (आवाजाला कानाची नस आणि मेंदूचं खोड देतात तो विद्युत प्रतिसाद टिपणाऱ्या श्रवणतपासणीच्या) आलेखावर विसंबून तान्ह्या बाळांना श्रवणयंत्रं बसवतात, मग बोलण्यातले आवाज मेंदूला वेगळे कळतात का हे दाखवणाऱ्या एमएमएन या मेंदूलहरींच्या तपासणीवर एका मुलाचं निदान करू नका, असं मी का लिहिलं? शोधनिबंध भरपूर आहेत आणि यंत्र खोटं बोलत नाही.

शोधनिबंधांचं खरं आहे. 1997 मध्ये मेंदू-संशोधक नॅतानेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एस्टोनियन भाषेतल्या एका स्वराला एस्टोनियन लोकांच्या मेंदूचा जो प्रतिसाद येतो, तो फिनिश लोकांमध्ये कमी असतो, कारण फिनिशमध्ये तो स्वरच नाही. पण हा गटांच्या सरासरीचा निष्कर्ष आहे. तुमच्यासमोर बसलेलं मूल एकच आहे.

आकडे मांडून बघू. ‘दा’ ‘दा’ ‘दा’ ऐकवत मध्येच ‘डा’ येतो, दहात एकदा. अर्ध्या सेकंदाला एक आवाज धरला तर 1500 आवाजांना साडेबारा मिनिटं लागतात आणि ‘डा’ मिळतात 150. मूल डोळे मिचकावतं, चुळबुळ करतं. ते तुकडे टाकले की समजा 100 उरले. ईईजीतली (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूलहरींच्या नोंदीतली) इतर खळबळ साधारण 10 मायक्रोव्होल्ट धरा. सरासरी काढताना ती संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटते, म्हणजे 1 मायक्रोव्होल्ट उरते. आपण शोधतोय तो प्रतिसादच मुळी एक-दोन मायक्रोव्होल्टचा! खळबळ निम्मी करायची तर चौपट ‘डा’ हवेत, म्हणजे 50 मिनिटं. तोवर मूल पेंगतं किंवा रडकुंडीला येतं, आणि पेंगलेल्या मेंदूचा प्रतिसाद वेगळा असतो.

त्यात एमएमएन ही वजाबाकी आहे: ‘डा’चा आलेख वजा ‘दा’चा. इथेच खरी मेख आहे. समजा दोन्ही आलेखांची विश्वासार्हता (पुन्हा मोजलं तर तेच येण्याचं प्रमाण, जास्तीत जास्त 1) 0.9 आहे, म्हणजे उत्तमच. पण डोकं तेच, कवटी तीच, म्हणून दोन्हींचा सहसंबंध (एक मोठा तर दुसराही मोठा, असं एकत्र बदलण्याचं प्रमाण) 0.8 आहे. दोन्हींचा पसारा (मुलामुलांमधला चढउतार) सारखा असेल तर फरकाची विश्वासार्हता येते (0.9 − 0.8) ÷ (1 − 0.8), म्हणजे 0.5. जे दोन्हींत समान आणि स्थिर होतं ते वजा झालं, खळबळ मात्र दोन्हीकडची जमा झाली. यंत्र खोटं बोललं नाही. आपण त्याला विचारलेला प्रश्नच नाजूक होता.

बेराचं गणित निराळं. मूल झोपलेलं असतं, टिकटिक साधारण 2000 वेळा ऐकवतात, मेंदूच्या संथ लहरी फिल्टरनं बाजूला काढतात, आणि आलेखातली पाचवी लाट, जी तपासणीत मुख्यतः शोधतात, मोठ्या आवाजाला 6–7 मिलिसेकंदांतच येते. शिवाय नोंद दोनदा घेऊन आलेख एकावर एक ठेवून बघतात. ही शेवटची सवय एमएमएनच्या अहवालात मला फार क्वचित दिसते, आणि याचंच मला वाईट वाटतं.

आणखी एक. ‘दा’ आणि ‘डा’ हे ध्वनी म्हणूनही वेगळे आहेत, त्यामुळे नुसत्या वजाबाकीत हा फरकही शिरतो. दुसऱ्या फेरीत ‘डा’ नेहमीचा आणि ‘दा’ क्वचितचा करून ‘डा’ची तुलना ‘डा’शीच करावी लागते. वेळ वाचवायला नेमकी हीच फेरी गाळतात.

म्हणून अहवाल हातात आला की विचारा: टाकाऊ तुकडे काढल्यावर ‘डा’ किती उरले? सम आणि विषम क्रमांकांच्या ‘डा’चे दोन वेगळे आलेख एकावर एक काढले का? आठवड्याभरानं फेरतपासणी झाली का? फेरतपासणीला नेताना आदल्या दिवशी मुलाचं डोकं धुवा, तेल लावू नका. तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोडचा रोध 5 किलोओहमच्या खाली आणणं जिकिरीचं होतं आणि दोन नोंदींची तुलनाच बिघडते. सम-विषम आलेख जुळत नसतील, तर त्या एमएमएनवरून थेरपी सुरूही करू नका आणि बंदही करू नका. बेरा आणि मुलाच्या भाषेची प्रत्यक्ष तपासणी यांवरच जा.