सरासरी, जपान आणि माझ्या लेखातलं चुकलेलं टेबल

शेअर बाजारात वर्षानुवर्षं पैसे ठेवण्यावरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. "वीस वर्षं थांबा, पैसे होतातच ही पुडी सोडणं बंद करा, जपानकडे बघा, आणि रिटायर झालेल्या माणसाने गपचूप एफडी करावी" असं तुम्ही म्हणताय. दुसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आलं की जपानबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे, एफडीचं मला पटत नाही, आणि त्या पुडीच्या बाबतीत मात्र तुम्ही मला नीट पकडलंय.

जपानचं आधी उरकतो. निक्केई, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराचा निर्देशांक, डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९०० च्या वर गेला आणि ती पातळी परत दिसायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं, हे खरंय. पण हा हिशोब ज्याने सगळी पुंजी बरोब्बर शिखरावर टाकली आणि नंतर एक पैसा घातला नाही त्याचा, त्यातही डिव्हिडंड (कंपन्या वाटतात तो नफ्यातला हिस्सा) धरलेला नाही. दर महिन्याला थोडे थोडे घालणाऱ्याला मधली कितीतरी वर्षं निम्म्याहून कमी भावात खरेदी करता आली. तरी एकाच देशाच्या बाजारावर अख्खं म्हातारपण टांगू नये हा तुमचा मुद्दा उरतोच, तो मी लिहायला हवा होता.

आता माझी चूक. मी लेखात दरवर्षी सरसकट १२ टक्के परतावा धरून टेबल दिलं आणि रिटायरमेंटनंतरच्या वर्षांनाही तेच लावलं. पैसे घालताना हे एकवेळ चालून जातं, काढताना नाही. १०० ची पुंजी धरा. तीन वर्षांत बाजार आधी ३० टक्के पडला, मग १० वाढला, मग ४० वाढला. काहीच काढलं नाही तर शेवटी १०७.८ उरतात, आणि क्रम उलटा केला तरी तेवढेच. पण दर वर्षाच्या सुरुवातीला खर्चाला ६ काढा, मग पडझड आधी आली तर ८३.७ उरतात, शेवटी आली तर ९२.५. तीच तीन वर्षं, तीच सरासरी, फक्त क्रम वेगळा, आणि ही नुसती तीन वर्षांची गोष्ट, पुढची पंचवीस वर्षं हा खड्डा सोबत घेऊनच चालायचं असतं. "पडलं तरी थांबा" हे कमावत्या माणसाला सांगणं सोपंय हो, ज्याला त्याच महिन्यात म्युच्युअल फंडाची युनिट्स विकून घर चालवायचंय तो काय थांबणार!

(आणि कमावताना तरी मी कुठे थांबलो? २००८ मध्ये लेहमन ही अमेरिकन बँक बुडाली तेव्हा मी घाबरून एसआयपी (दर महिन्याची ठरावीक गुंतवणूक) बंद केली आणि सगळं सावरल्यावर, चढ्या भावात, परत सुरू केली. त्यामुळे मी फार शहाणपणा शिकवायला नकोच.)

पण म्हणून सगळं एफडीत? इथे मी वाद घालणार. महागाई ६ टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट, म्हणजे साठीत जे लागतं त्याच्या चौपट चौऱ्याऐंशीला. व्याजातून टॅक्स गेला की महागाईच्या पुढे काय उरतं ते स्वतःच्या पासबुकात बघा. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये तिथला जुना डेटा घेऊन हिशोब मांडला, पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढायचे आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत जायचे, तर पैसे तीस वर्षं पुरतात का. पुरले, पण शेअर्स ५० ते ७५ टक्के ठेवले तर. शेअर्स फार कमी ठेवले तर पैसे उलट लवकर संपत होते. आणि ४ टक्के हा आकडा तिथल्या डेटाचा, तो जगात कुठेही डोळे झाकून लावू नका, तोही सरासरीसारखाच फसवेल.

माझ्या रिटायरमेंटला चार वर्षं आहेत. मी सध्या हळूहळू पाच वर्षांचा खर्च एफडी आणि शॉर्ट टर्म डेटमध्ये (थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांत) वेगळा काढतोय, बाकीचं इक्विटीत, म्हणजे शेअर्समध्येच राहील. म्हणजे सुरुवातीलाच बाजार आपटला तरी लगेच विकायची वेळ येऊ नये. पाचच का? तर माझी झोप तेवढ्यावर लागते, बाकी काही शास्त्र नाही त्यात.

ते टेबल आज काढून टाकतोय. नवीन करताना पहिली दोन वर्षं मुद्दाम पडझडीची धरेन, मग आकडे तपासून सांगा.