नाव घ्यायचं की सांगायचं?

काल मतदार यादीचं काम करणाऱ्या एक ताई पंचवटीतल्या आमच्या घरी आल्या. मी चहा टाकेपर्यंत त्यांनी सासूबाईंना विचारलं, "आजी, नाव काय?" सासूबाईंनी पदर सावरला, जराशा लाजल्या आणि थेट उखाणाच घेतला! "अहो आजी, बाबांचं नको, तुमचं सांगा." आम्ही तिघीही पोट धरून हसलो.

आमच्या ग्रुपवर कुणीतरी दर निवडणुकीला लिहितंच, आपल्याकडे बायकांना मत फुकट मिळालं म्हणून. फुकट? १९१७ साली सरोजिनी नायडूंबरोबर बायकांचं शिष्टमंडळ मद्रासला ब्रिटिश सरकारच्या भारतमंत्र्याला, माँटेग्यूला, भेटलं. १९१९ मध्ये हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन हीच मागणी घेऊन लंडनला गेल्या. आणि मुंबई इलाख्यात पुढे कोण होतं? रमाबाई रानडे. न्यायमूर्तींचा जन्म निफाडचा, म्हणजे रमाबाई आपल्या जिल्ह्याच्या सूनबाईच की! (नाशिककर नातं जोडायला कमी करत नाहीत.) १९२१ मध्ये इथल्या बायकांना कायदेमंडळासाठी मत मिळालं, पण मालमत्तेची अट होतीच. घरदार, शेती स्वतःच्या नावावर असलेल्या बायका तेव्हा किती असणार?

मला खरा राग येतो तो १९३५ च्या कायद्याचा. नवऱ्याची पुरेशी मालमत्ता असेल तर बायकोला मत! बायकांच्या संघटनांनी आधीच बजावलं होतं की असलं मत नको, प्रत्येक सज्ञान माणसाला द्या. पण ऐकतो कोण. तो हक्क शेवटी राज्यघटनेनं दिला.

तरी घोडं अडलंच. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी याद्या केल्या, तेव्हा कितीतरी जणींनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी धरल्या नाहीत. सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर गेल्या. बहुतेक उत्तरेकडच्या होत्या, पण आपण नाक मुरडायला नको. लग्नात तांदळात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात ते आपल्याच घरात.

काल सासूबाईंनी शेवटी नाव सांगितलं, तेही माहेरचं. आधारकार्डावर वेगळंच. ताईंनी कार्डावरचं लिहून घेतलं, चहा प्यायल्या आणि गेल्या. या घरात मला वीस वर्षं झाली, ते माहेरचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. इथे लिहीत नाही, त्यांना अजून विचारलेलं नाही.