सुशी बाहेर, गोड घरी

शनिवारी रात्री आम्ही चौघे सुशी खाऊन आलो आणि रविवारी संध्याकाळी कट्ट्यावर टेकता टेकताच मन्याने विषय काढला, की थंड भात आणि माशाचा तुकडा खाण्यासाठी माणसाने घराबाहेर पडावेच कशाला. आदल्या रात्री सर्वांत आधी त्याचीच बशी रिकामी झाली होती, पण त्याची आठवण कोणी करून दिली नाही.

शिल्पाने त्याला पहिल्याच शब्दाला अडवले. तिचे म्हणणे असे, की तो भात थंड नव्हताच. चांगल्या ठिकाणी तो साधारण अंगाइतका कोमट ठेवतात. शिवाय व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला भात हाच सुशीचा प्राण आहे. भाताविना नुसता कच्चा मासा वाढला, तर त्याला साशिमी म्हणतात. त्यामुळे अण्णांनी घाबरत घाबरत मागवलेली काकडीची गुंडाळीही पुरेपूर सुशीच होती. हे ऐकून अण्णांचा चेहरा खुलला, कारण आपण रात्रभर पथ्याचेच खाल्ले, अशी त्यांची समजूत होती.

मन्या मात्र इतिहास वाचून आला होता. सुशीचा जुना प्रकार हा मुळात मासा टिकवण्याचा उपाय होता. मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन्महिने आंबवत आणि पुष्कळदा तो भात टाकूनच देत. जपानमधल्या बिवा सरोवराच्या परिसरात फुनाझुशी नावाची सुशी आजही तशाच पद्धतीने मुरवतात. जो पदार्थ टिकण्यासाठीच जन्माला आला, तो डब्यात भरून घरी आणायला हरकत काय, असा त्याचा बिनतोड वाटणारा प्रश्न होता.

"अरे, तू दोनशे वर्षे मागे राहिलास," असे म्हणून शिल्पाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या एदोकडे, म्हणजे आजच्या टोकियोकडे मोर्चा वळवला. तिथे मुठीत दाबलेल्या भातावर माशाचा तुकडा ठेवून लगेच हातात देण्याची रीत रुजली, जिचे श्रेय साधारणपणे हानाया योहेई यांना दिले जाते. मुरण्याची वाट पाहणे संपले आणि गाडीपाशी उभ्याउभ्या खाण्याचा पदार्थ तयार झाला. मला शिल्पाचा हा मुद्दा सर्वांत पटला, कारण या सुशीत सारा खेळ वेळेचा आहे. समुद्रशेवाळाचा नोरी नावाचा कुरकुरीत पापुद्रा ओलसर भाताला लागला, की थोड्याच वेळात चिवट होतो. फ्रिजमध्ये ठेवलेला भात स्टार्चची रचना बदलल्यामुळे कडक होतो. अस्सल वसाबी, म्हणजे सुशीसोबत वाढतात तो झणझणीत हिरवा कंद, किसल्यानंतर तिचा झणका पंधरा-वीस मिनिटांत ओसरू लागतो. (आमच्या बशीतला हिरवा गोळा बहुधा हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळाला रंग देऊन केलेला असावा, जगात बहुतेक ठिकाणी तोच वाढतात.) बाहेर जेवताना आपण पैसे मोजतो ते हाताच्या सफाईचे आणि करताच खाण्याच्या त्या चार मिनिटांचे.

कच्च्या माशाचा धोका निघाला तेव्हा चर्चा थोडी गंभीर झाली. परजीवी मारण्यासाठी उणे 20 अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात मासा सात दिवस ठेवण्याचा नियम अमेरिकेत सांगितला जातो, तर घरचा फ्रीझर सहसा उणे 18 अंशांच्या आसपास असतो. मन्याने यावर हार मानली नाही. जपानी घरांमध्ये तेमाकी करतात, त्यात भात, नोरी आणि सारण टेबलावर मांडून प्रत्येक जण आपली गुंडाळी आपणच करून लगेच तोंडात टाकतो. मग तुमच्या त्या वेळेचे काय राहिले? हा मुद्दा खरोखर चांगला होता. त्यावर शिल्पाला एवढेच म्हणता आले, की कच्चा खाण्याजोगा मासा देणारा खात्रीचा विक्रेता आधी हवा.

तेवढ्यात मी डबा उघडला. हॉटेलात आम्ही गोड मुद्दामच मागवले नव्हते, कारण ज्या पदार्थाला कौशल्य कमी आणि थांबणे जास्त लागते, तो घरी करावा असे माझे ठाम मत आहे. जपानमध्ये आवडीने खाल्ली जाणारी कॉफी जेली त्याच जातीची आहे. अर्धा लिटर कडक कॉफीत चार ग्रॅम अगर-अगरची, म्हणजे चायना ग्रासची पूड आणि चार चमचे साखर घालावी, ढवळत दोन मिनिटे चांगले उकळावे, पसरट भांड्यात ओतून गार करावे, वड्या पाडाव्यात आणि वर साय किंवा कंडेन्स्ड मिल्क सोडावे. उकळणे मात्र टाळता येत नाही. पहिल्या खेपेला मी नुसत्या गरम कॉफीत पूड ढवळली आणि सकाळी तळाशी गाळ बसलेली गार कॉफी माझ्या वाट्याला आली.

इतक्या उकाड्यात ही वितळली कशी नाही, असे अण्णांनी विचारले. जिलेटिन असते तर नक्की वितळले असते, पण अगर-अगर साधारण 35 ते 40 अंशांवर घट्ट होते आणि एकदा घट्ट झाले, की 85 अंशांच्या आसपास तापेपर्यंत सुटत नाही. हे मी सांगून होईपर्यंत डब्यात दोनच वड्या उरल्या होत्या.

त्यातली एक उचलत मन्याने जाहीर केले, की पुढच्या शनिवारी तेमाकी त्याच्या घरी होईल आणि त्यात कच्चा मासा नसेल. भात मात्र शिल्पाने करायचा.